कार्डावरची अट

“हाडांचे सांगाडे? लग्नात?” मार्व्हाचं यादीवरून फिरणारं बोट तिथेच थांबलं. “अगं जोलीन, पाहुणे आशीर्वाद द्यायला येणार आहेत की मयताला?”

“बारा आणायचेत,” जोलीन म्हणाली. “सहा दाराशी उभे करू, सहा टेबलांवर बसवू. खोटी कोळिष्टकं वेगळी.”

मार्व्हा म्हणजे तिची होणारी सासू. बाई मनाने वाईट नव्हती. एकुलत्या एका मुलाचं, ग्रेडीचं लग्न जूनमध्ये, चर्चच्या हिरवळीवर, पांढऱ्या फुलांत व्हावं, एवढंच तिचं म्हणणं. यात तिचं काय चुकलं? पण सुनेने हट्टच धरला होता. लग्न एकतीस ऑक्टोबरला, भुताखेतांच्या सणालाच करायचं. तेही गावाबाहेरच्या जुन्या कोठारात, लाल भोपळे कोरून, मक्याची वाळकी ताटं बांधून. वर निमंत्रणाच्या कार्डावर ठळक अक्षरांत अट छापलेली: ‘ज्याने त्याने आपण जे नाही, त्याचं सोंग घेऊन यावं. साध्या कपड्यांत येणाऱ्याला केक मिळणार नाही.’

“हे खूळ कुणाचं, खरं सांग,” मार्व्हा म्हणाली. “तुला तर भुताच्या सिनेमाचीसुद्धा भीती वाटते. ग्रेडीने सांगितलंय मला.”

जोलीनने पेन खाली ठेवलं.

“बाबांसाठी करतेय,” ती म्हणाली.

नऊ वर्षांपूर्वी गावातल्या मक्याच्या गोदामात भडका उडाला, तेव्हा तिचा बाप लोवेल आत होता. जीव वाचला, चेहरा वाचला नाही. नाक गेलं, एक कान गेला, भुवया गेल्या, डाव्या बाजूचा ओठ गेला. अकरा शस्त्रक्रिया झाल्यावर त्यानेच हात जोडले आणि पुरे म्हणाला. तेव्हापासून तो चर्चला गेला नाही, दुकानात गेला नाही, लेकीच्या पदवीच्या समारंभालाही गेला नाही. घरातसुद्धा गळपट्टा डोळ्यांपर्यंत ओढलेला. जेवायला बसायचा तो पाठमोरा. बायको आधीच वारलेली. लेकीने विनवून पाहिलं, भांडून पाहिलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

वर्षातली एक संध्याकाळ मात्र वेगळी. एकतीस ऑक्टोबरला तो गळपट्टा काढून, मांडीवर चॉकलेटांची बादली घेऊन दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचा. सोंगं घेतलेली पोरं यायची, मूठभर चॉकलेटं न्यायची. कुणी दचकायचं नाही. एक चिमुरडी तर म्हणाली होती, “आजोबा, अख्ख्या गल्लीत तुमचा मुखवटा एक नंबर.” हे त्याने वर्षभर हसून हसून सांगितलं. सांगणार कुणाला? लेकीलाच. दुसरं होतं कोण?

“त्या एका संध्याकाळी मला त्यांचा चेहरा बघायला मिळतो,” जोलीन म्हणाली. “लग्नात त्यांनी मला हाताला धरून नवऱ्यापर्यंत न्यायला हवंय. गळपट्ट्याशिवाय. सगळीच भुतं असली, तर त्यांच्याकडे कोण वळून बघणार आहे?”

मार्व्हाने यादी पुन्हा पुढे ओढली. तिने पेन उचललं आणि सांगाड्यांच्या बाराचे वीस केले.

“मी चेटकीण होऊन येते,” ती म्हणाली. “आमच्याकडचे तसंही म्हणतातच.”

त्याच संध्याकाळी जोलीनने कार्ड बापाच्या हातात दिलं. लोवेलने ते दोनदा वाचलं.

“सगळे सोंगात येणार?” त्याने गळपट्ट्याआडून विचारलं.

“एकूण एक. पाद्रीसुद्धा.”

“मग येतो.”

नऊ वर्षांत त्याच्या तोंडून ‘येतो’ हा शब्द तिने पहिल्यांदा ऐकला. घरी जाताना तिला गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली, इतकी ती रडली. त्यानंतरचा दीड महिना तिला झोप माहीत नव्हती. भोपळे कोरून बोटं सोलून निघाली. कुणी साध्या कपड्यांत येतो म्हटलं, की त्याला फोन करून दटावायची. एक उघडा चेहरा लपवायला दीडशे सोंगं हवी होती, आणि तिने ती जमवली.

लग्नाला सहा दिवस राहिले असताना ती बापाचा सूट घेऊन गेली.

“थांब, आत येऊ नकोस,” लोवेल खोलीतून ओरडला. आवाजात चक्क हसू होतं. “माझं सोंग बघ आधी.”

“सोंग कसलं, बाबा?”

दार उघडलं. गळपट्टा नव्हता. रबराचा मुखवटा होता. गुलाबी गाल, सरळ नाक, दोन कान, दोन भुवया, ओठांवर बेताचं हसू. रस्त्यात दिसला तर लक्षातही राहू नये, असा एक माणूस.

“टपालाने मागवला. दुकानाच्या यादीत याचं नाव ‘शेजारी’ होतं,” मुखवट्याआडून तो म्हणाला. “रोज तासभर घालून बसतो. सवय झाली आता.”

जोलीनने सूट खुर्चीवर ठेवला. लग्नाच्या दिवशी चॉकलेटांची बादली नसणार, दाराबाहेरची खुर्ची नसणार. वर्षातली ती एक संध्याकाळही तिने आपल्याच हाताने घालवली होती.

“बाबा,” ती कशीबशी म्हणाली, “तुम्ही तसेच या ना. मुखवटा नको.”

“तसाच कसा येऊ? अट तूच छापलीस ना?” लोवेल ताठ उभा राहिला आणि तिने धरावा म्हणून त्याने हात पुढे केला. “सगळे भुतं होऊन येणार. मी माणूस होऊन येतो.”