मिस्त्रींचे हात

छताच्या नक्षीचे साचे ओतण्यात मिस्त्रींचं उभं आयुष्य गेलं. "प्लास्टरची पावडर भिजली की चुलीसारखी तापते, हात घालाल तर भाजून निघाल," असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दटावत.

त्यांच्या निरोपाला शेठनी हौसेने बादलीभर प्लास्टर कालवून घेतलं. "मिस्त्री, तुमच्या हातांचा ठसा शोकेसमध्ये ठेवायचाय. घाला दोन्ही हात!"

मिस्त्री घुटमळले. पण टाळ्या सुरू झाल्या होत्या, एवढ्या लोकांत शेठचा शब्द कसा मोडायचा? त्यांनी मनगटापर्यंत हात बुडवले. थोड्या वेळाने कसनुसं हसत ते म्हणाले, "शेठ, तापतंय हो."

"अहो, फोटो तर होऊ द्या!"

सगळ्यांचे फोटो होईपर्यंत प्लास्टरचा दगड झाला होता. फोडायला छिन्नी-हातोडा आणावा लागला.

पंधरा दिवसांनी शेठ इस्पितळात आले. "काय ठसा उतरलाय, मिस्त्री! दहाच्या दहा बोटं, नखांसकट! आता खालच्या पाटीवर तुमची सही तेवढी द्या." मग मिस्त्रींच्या हातांवरची बँडेजं पाहून ओशाळत म्हणाले, "बरं, राहू दे. नुसता अंगठा उठवा."



"अंगठेही तुमच्या शोकेसमध्येच राहिलेत, शेठ."