अण्णांचा अनुदानाला विरोध

"विजेच्या गाड्यांना सरकारनं अनुदान द्यायचंच कशाला? पैसे काय वर आलेत?" सकाळपासून अण्णांनी घर डोक्यावर घेतलं होतं. अनुदान महिनाअखेर संपणार, म्हणून सूनबाई आजच जुनी खटारा स्कूटर मोडीत काढून नवी घ्यायला निघाली होती.

"अहो अण्णा, आपल्याच कराचे पैसे आपल्याकडे परत येतायत," ती चपला घालत म्हणाली. "धूर नाही, खडखड नाही. दारात येऊन उभी राहिली तरी घरात पत्ता लागायचा नाही!"

"तेच तर!" अण्णांच्या तोंडून निसटलं आणि त्यांनी जीभ चावली.



सूनबाईची जुनी स्कूटर गल्लीच्या तोंडाशी खडखडली, की नातीचा चॉकलेटचा डबा फळीवर परत ठेवून मिशा पुसायला मधुमेही अण्णांना अगदी बेताचा वेळ मिळायचा.