शोभेचा मामा

"आत्या, कॅमेऱ्यापुढं तुम्ही एवढंच बोलायचं आहे, की तुमचं आमच्या काकांशी काही नातं नाही," चेतन म्हणाला आणि त्यानं चहाची बशी खाली ठेवली.

मैनाबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. धरमपेठेतून गाडी घेऊन आलेला हा पोरगा तिला आत्या म्हणतच मोठा झाला होता.

"अन् आत्या कोणाले म्हणून राहिला गा तू?"

चेतन हसला. "म्हणूनच मी आलो ना. दुसऱ्या कोणाचं ऐकलं असतं तुम्ही?"

चेतनचे काका म्हणजे बाबाराव. देशातल्या सगळ्यात वरच्या खुर्चीवर निवडून गेलेला माणूस. खुर्ची शोभेची, हे शेंबडं पोरही सांगेल. मंत्री लिहून पाठवतात, हा खाली सही करतो. फिती कापतो, सलामी घेतो. पण फाशी झालेल्या माणसाचा दयेचा अर्ज शेवटी त्याच टेबलावर जातो. मैनाबाईच्या मोहितचा अर्ज तिथंच धूळ खात पडला होता.

मोहितनं मिहानकडच्या एका बंगल्यात ठेकेदार, त्याची बायको आणि म्हातारी आई अशी तीन माणसं कुऱ्हाडीनं तोडली होती. माझं लेकरू निर्दोष आहे, असं मैनाबाई कोणापुढं कधी रडली नाही. केलं होतं त्यानं. तरी तिला तो जिवंत हवा होता. जन्मभर आत राहिला तरी चालेल, पण श्वास घेत राहावा. आणि तो तर रोज वाळत चालला होता. मागच्या भेटीत म्हणाला, "आई, कायतरी एक होऊ दे आता. असं लटकून ठेवणं माणसाले सहन नाही होत."

बाबाराव तिचा सख्खा भाऊ नव्हता. उमरेडला तिच्या बापाकडे हातमाग शिकायला आला, तिच्या हातचं खाऊन वाढला. मानलेला भाऊ. मोहितच्या लग्नात मामा म्हणून मागं तोच उभा राहिला, आणि तोच फोटो कोणीतरी पेपरात छापून आणला.

झालं. निवडून आल्या आल्या बाबारावनं मोठ्या तोऱ्यात नियम जाहीर केला होता, की नात्यागोत्यातल्या कोणाच्याही कागदाला मी हात लावणार नाही. तेव्हा लोकांनी टाळ्या पिटल्या. आता तेच लोक विचारत होते, भाच्याचं काय करता ते सांगा.

"काका स्वतःच्याच नियमात अडकलेत," चेतन म्हणाला. "भाच्याची फाईल उघडली तर खुर्ची जाते. तो भाचाच नाही म्हटल्यावर हात मोकळे."

दामिनी, मोहितची बायको, दाराशी मेथी निवडत बसली होती. मान वर न करता बोलली, "बोलून टाका न आई. तुमच्या राखीपायी माहा नवरा तिथं सडून राहिला."

मैनाबाईनं सुनेचं बोलणं गिळलं. "बाबाच्या तोंडून ऐकू दे मले."

चेतननं फोन लावून दिला.

"ताई," पलीकडून आवाज आला.

"बाबा, मी असं बोलू? तुले चालन?"

"बोल. मले राग नाही येणार. तू माहे हात मोकळे कर. मोहितचं मी एका सहीत निकाली काढतो."

"जेवला का?"

"तुह्या हातचा झुणका कोण देते मले इथं?"

फोन परत देताना मैनाबाईनं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "बोलाव तुह्या कॅमेरेवाल्यायले."

अंगणात गर्दी झाली. चष्मेवाल्या पत्रकारानं फोटोच पुढं केला. "हे मामा म्हणून उभे आहेत. मग नातं कसं नाही?"

"आमच्यात नवरदेवाच्या मागं मामा लागते," मैनाबाई म्हणाली. "ज्याले मामा नाही, त्याच्या मागं दिसायले बरा असा कोणीही उभा करते. हा शोभेचा मामा होता. माहा कोणी नाही."

"राखी बांधत होता ना?"

"राखी तं मी पोस्टमनलेही बांधते. तोही मोहितचा मामा झाला का मंग?"

दोघंतिघं हसले. चष्मेवाला हसला नाही. "शपथेवर सांगाल?"

मैनाबाईनं चेतनकडे पाहिलं. त्यानं होकाराची मान हलवली, इतकी हळू, की कॅमेऱ्यात दिसू नये.

"लेकाची शपथ," ती म्हणाली.

दामिनीचा हात मेथीवर थांबला.

गाडीत बसताना चेतन म्हणाला, "छान बोललात, मैनाबाई." आत्या म्हणाला नाही. कॅमेरे अजून अंगणात होते, म्हणून नसेल म्हणाला.

त्या आठवड्यात टीव्हीवर बाबारावचं कौतुक सुरू होतं. संशय दूर झाला, आता फाईल उघडणार, असं जो तो सांगत होता. मग तुरुंगातून निरोप आला, भेटीला या. शेजारच्या बाईनं बातमी सांगितली होती, सही झाली म्हणे. मैनाबाईनं सुनेला सोबत घेतलं. वाटेत पेढे घेतले.

फाटकावरचा अधिकारी उमरेडकडचाच होता, ओळखीचा. तिनं पहिला पेढा त्याच्यापुढं धरला.

"सही झाली न साहेब?"

"झाली."

त्यानं पेढा घेतला नाही. दामिनीकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं.

"आत पेढे नाही नेता येत मावशी. शेवटची भेट आहे."

"शेवटची काहून? सही तं केली न त्यानं."

"मंत्र्यांनी अर्ज फेटाळा म्हणून केव्हाचंच लिहून पाठवलं होतं," अधिकारी म्हणाला. "मामाचं नातं आडवं होतं, म्हणून तं पोरगा आजवर जगून राहिला होता."