रोजची पौर्णिमा

“रोज रात्री पौर्णिमा?” भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक खांडेपारकर सरांनी कादंबरी टेबलावर ठेवली. “पऱ्या दाखवा, राक्षस दाखवा, माझी तक्रार नाही. पण चंद्र एकदाही कलेकलेने कमी होऊ नये? हे पुस्तक शाळांना भेट द्यायचे असेल, तर माझा विरोध आहे.”

एरवी त्यांच्या अशा टोल्यांवर वाचनकट्टा खळखळून हसे. आज कोणीच हसले नाही. समोर बसलेली लेखिका, वासंती गावित, टेबलाकडे पाहत राहिली. तिची ही पहिलीच कादंबरी होती.

“सर, शेवटपर्यंत वाचलीत ना?” हेमलताबाईंनी विचारले. कट्ट्याचा नियम होता, एकाचेही वाचन अपुरे असेल तर शेवट उघड करायचा नाही.

“अर्थात,” सर म्हणाले. प्रत्यक्षात त्यांनी चाळिसाव्या पानावरच पुस्तक मिटले होते.

“मग बोलते. अहो, तो चंद्र नसतोच! भुयारात जन्मलेल्या मुलांसाठी आयांनी छताला टांगलेला दिवा असतो तो. मुलं घाबरतील म्हणून त्या तो कधी मंद करत नाहीत. मी तर रडले तिथे.”

सरांचे कान तापले. कबुलीला एक वाक्य पुरले असते. ते वाक्य ते मनात जुळवत असतानाच वासंती म्हणाली, “सरांना ठाऊक आहे ते. चर्चा रंगावी म्हणून मुद्दाम उलट बोलले.”

“वा सर, काय फसवलंत!” कोणीतरी म्हणाले आणि टाळ्या सुरू झाल्या.

सरांनी त्या थांबवल्या नाहीत.