गार खोली

पुलाच्या कामावर कॉम्प्युटर तापतात म्हणून इंजिनिअरसाहेबांनी कामगार बायांचं पाळणाघर बळकावलं आणि तिथे एसी बसवला. तान्ही पोरं पत्र्याच्या शेडमध्ये गेली; मुकादमबाईंची नात घामोळ्यांनी लालबुंद झाली. आज बाईंचं टाळकं सटकलं. साहेब येऊन बघतात तर काय, कॉम्प्युटरच्या कपाटांना पाळण्यांच्या दोऱ्या बांधलेल्या आणि सगळ्या बाया घमेली उपडी घालून त्यांवर ठाण मांडून बसलेल्या!

"अहो बाई, दारावरची पाटी दिसली नाही का?"

"दिसली की. पण वाचता कुठं येतंय आम्हाला? तुम्हीच वाचा."

"आत नाजूक सामान आहे, दार बंद ठेवा!" साहेब ओरडले.


"मग लावा ना दार, आणि हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय सामानाचा."