दुसरी चिंबोरी

दुसरी चिंबोरी ताटात आली की धाकलूकाका थांबायचे. गोष्ट सांगताना तिथं थांबायचंच, असा त्यांचा नेम होता. ऐकणाऱ्याने "मग?" म्हणावं, तेव्हा ते पुढे जायचे. गेले चार महिने कशेळ्याच्या चहावाल्यापासून जीपवाल्यांपर्यंत सगळ्यांनी हे "मग?" इमानाने म्हटलं होतं.

आज ऐकायला दत्ता होता, चौकहून आलेला कुंपणवाला. टेंपोतून सिमेंटचे खांब उतरवून तो कामाला लागला होता. कुंपण पडत होतं ते काकांच्या पुतण्याच्या, स्वप्नीलच्या शेताला. बांधाच्या अलीकडचं शेत काकांचं. ते आपल्या विहिरीच्या कठड्यावर, आंब्याच्या सावलीत बसून दत्ताला बँकॉक सांगत होते.

"नदीच्या काठाला हाटेल. काचंच्या भिंती. चिंबोरी अशी मोठी, परातीत मावायची नाय! आनि माज्या तोंडात दात किती? चार. मंग स्वप्नीलनं अडकित्त्यावानी चिमटा घेतला, नांगी फोडली, आतला गर काढला आनि माज्या तोंडात घातला. सगळी टूर बघत होती."

"नशीबवान हाव काका," दत्ता टेप ताणत म्हणाला.

"ऐक तर. तेवढ्यात त्याला आला फोन. उठून बाहेर गेला. परत आला तो असा हसत! म्हनतो, काका, आज दिल खूश हाय, अजून एक मागवू. आली की दुसरी चिंबोरी!"

काका थांबले.

"मग?" दत्ता म्हणाला.

"मग काय! पोटच्या पोरानं केलं नसतं ते त्यानं केलं."

पोटचं पोर काकांना नव्हतं. बायको अंबाबाई तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून घरात दोन वेळा स्वयंपाक होतो की नाही हे विचारणारा एकच माणूस होता, स्वप्नील. पासपोर्ट त्यानेच काढला, विमानात खिडकीची जागाही त्यानेच दिली. काकांनी बँकॉकनंतर चिंबोरी काय, ओढ्यातला खेकडाही खाल्ला नव्हता. तोंडाची ती चव कशाला घालवायची, म्हणायचे.

पहारेचा आवाज पाठीमागून आला तसे काका वळले. दत्ताचा माणूस विहिरीच्या अलीकडे, काकांच्या शेतात खड्डा घेत होता.

"आरं, चुकलास!" काका मोठ्याने हसले. "बांध पलीकडं हाय, तो काय! तू तर माजी हीर न् आंबा उचलून पोराच्या शेतात घातलास रं!"

दत्ता हसला नाही. त्याने खिशातून घडी घातलेला नकाशा काढला.

"काका, माज्याकडं कागद हाय त्यापरमानं मी लावतो. मोजनी झालीय. हद्द हितून जाते. हीर आनि आंबा स्वप्नीलशेठकडं गेलाय."

"मोजनी? माज्या बांधाची? आनि मला नोटीस नाय?"

"आल्ती. घरी स्वप्नीलशेठनीच घेतली, सही हाय बघा." दत्ताने खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं. "लगतचे खातेदार मोजणीवेळी गैरहजर. हद्द अर्जदार स्वप्नील यांच्या माणसाने दाखवली. मोजणीची तारीख नऊ जानेवारी."

काकांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून पुठ्ठ्याच्या चौकटीतला फोटो काढला. हॉटेलवाल्यांनीच काढून दिलेला. गोष्टीवर कोणी विश्वास ठेवला नाही तर दाखवायला तो कायम जवळ असे. फोटोत काकांनी लहान मुलासारखा आ केला होता आणि स्वप्नीलच्या बोटांत पांढरा गर होता. कोपऱ्यात लाल आकड्यांत तारीख होती, नऊ जानेवारी. ती दाखवून काका लोकांना सांगायचे, बघा, तारीख पन छापलीय.

त्यांनी फोटो नकाशावर ठेवला. दत्ताने दोन्ही पाहिलं आणि माणसाला हाताने खूण करून पहार थांबवली.

ही विहीर अंबाबाईने माती डोक्यावरून वाहून खोदली होती. पण काकांना त्या घडीला विहिरीचंही दुःख नव्हतं. त्यांच्यामागे सगळं स्वप्नीलचंच होतं. नुसती मागितली असती तरी दिली असती. त्याने मागितलं नाही, त्याने भरवलं. त्या फोटोतल्या उघड्या तोंडाची काकांना भयंकर लाज वाटली. दुसरी चिंबोरी तर त्यांनी पोट भरलेलं असताना, पोराचं मन मोडू नये म्हणून खाल्ली होती.

त्यांनी फोन लावला.

"बोला काका, जेवलात का?" स्वप्नील कर्जतला बाजारात होता. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

"स्वप्नील, एक सांग. बँकॉकला जेवताना तुला फोन आला, तू हसत आलास, आनि दुसरी चिंबोरी मागवलीस. ती कशापायी रं?"

पलीकडे जरा वेळ नुसते हॉर्न ऐकू आले. तो विचार करत होता, हे काकांना कळलं. खोटं शोधत असेल, असं त्यांना वाटलं. काहीही सांग, ते मनात म्हणाले, मी मान डोलावीन.

"चिंबोरी?" स्वप्नील म्हणाला. "कुठली चिंबोरी, काका?"