स्वच्छ रेकॉर्डिंग

आईचं गाणं एकदा तरी स्वच्छ रेकॉर्ड करायचंच, म्हणून धम्मानंदनं नवा माइक आणला. स्वयंपाकघराच्या खिडकीला गादी लावली, पंखा बंद केला, फ्रीजही बंद केला. मग कानाला हेडफोन चढवून म्हणाला, "हं आई, म्हण आता!"

रोज भाकरी थापताना झकास गाणाऱ्या पार्वतीबाई, पण आज पहिल्याच ओळीत घसरल्या. पुन्हा धरलं, पुन्हा घसरल्या.

"काय झालं वं आई? घाबरून राहिली काय?"

"फ्रीज काहून बंद केला तू?"

"त्याची घरघर येते ना रेकॉर्डिंगमध्ये!"

"अरे बाप्पा, मी रोज त्याच घरघरीत तर सूर लावतो!"

धम्मानंदनं फ्रीज सुरू केला. गाणं एका दमात झालं. घरघरीसकट सगळ्या नातेवाइकांना पाठवलं आणि खाली लिहिलं, 'गायन: पार्वतीबाई. तंबोऱ्यावर: आमचा फ्रीज.'